नावाकडे नको, भावाकडे बघा: फँटसी बेसबॉलमधल्या कीपरचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांच्या ऑफिसात बारा संघांची फँटसी बेसबॉल लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे. त्यातला एक जण नोकरी सोडून गेला आणि त्याचा संघ यांच्या गळ्यात पडला. २३ राउंडचा स्नेक ड्राफ्ट (पाळीपाळीने खेळाडू निवडायचे, दर राउंडला क्रम उलटा), रोटो ५×५ (बॅटिंगचे पाच आणि पिचिंगचे पाच रकाने, प्रत्येकात संघांचा क्रम लावून गुण). जुन्या संघातले जास्तीत जास्त चार खेळाडू २०२६ साठी ‘कीप’ करता येतात. मागच्या वर्षी ज्या राउंडमध्ये घेतला त्याच्या दोन राउंड आधीचा पिक (निवडीची पाळी) त्या खेळाडूपायी जातो. वेव्हरवरून, म्हणजे हंगामात मोकळ्या खेळाडूंतून, उचललेल्याला १२वा राउंड. कोणालाही तीन वर्षांच्या वर ठेवता येत नाही. हाताशी असलेली नावं, कंसात मागच्या वर्षीचा राउंड: हुआन सोटो (१), पॉल स्कीन्स (२), स्पेन्सर स्ट्रायडर (४), कॅल रॉली (८), बायरन बक्स्टन (१४), गेरिट कोल (२२) आणि वेव्हरवरून आलेला निक कर्ट्झ. ते विचारतात, “सोटो, स्कीन्स, रॉली ही मोठी नावं तर नक्कीच. चौथा स्ट्रायडर की कर्ट्झ? आणि ही दोन राउंड आधीची भानगड कोणी धड समजावून सांगेल का?”

मी न्यू जर्सीत २००८ पासून एका कीपर लीगची कमिशनर आहे, शिवाय तुमच्यासारख्याच एका स्नेक लीगमध्ये खेळते. कमिशनर म्हणजे बिनपगारी सरपंच. भांडणं सोडवायची आणि शिव्या खायच्या. त्या अनुभवातून लिहिते.

तुम्ही विचारलंय की चौथा कोण. माझ्या मते तुमची अडचण पहिल्या तीन नावांपासूनच सुरू होते. तुम्ही खेळाडू किती मोठा एवढंच बघताय. कीपर लीगमध्ये तो किती स्वस्तात मिळतोय हे बघायचं असतं. एखादा खेळाडू ठेवला की त्याच्या बदल्यात तुमचा एक पिक जातो. तो पिक वापरून ड्राफ्टमध्ये तुम्हाला कोण मिळालं असतं? त्या दोघांत जेवढा फरक, तेवढाच तुमचा फायदा. फरक शून्य असेल तर ठेवला काय न ठेवला काय, सारखंच.

तुम्ही क्रिकेट बघता म्हणून आयपीएलचं सांगते. २०२५ च्या मेगा लिलावाआधी मुंबईने बुमराहला १८ कोटींत ठेवलं आणि चेन्नईने धोनीला ‘अनकॅप्ड’ धरून ४ कोटींत. पर्स सगळ्यांची सारखीच, १२० कोटी. आता त्या वर्षी धोनी बुमराहपेक्षा भारी होता असं चेन्नईचा कट्टर भक्तही म्हणणार नाही. पण ४ कोटींत लिलावात काय मिळालं असतं, या हिशेबाने तो सौदा वाईट म्हणता येत नाही. तुमच्या लीगमध्ये कोटींच्या जागी राउंड आहेत, एवढाच फरक.

दोन राउंड आधीची भानगड यातूनच येते. रॉली मागच्या वर्षी आठव्या राउंडला घेतला होता. यंदा तो ठेवलात तर तुमचा सहाव्या राउंडचा पिक गेला. म्हणजे ड्राफ्ट सुरू असताना सहावा राउंड आला की तुम्ही गप्प बसायचं, तिथे रॉलीचं नाव आधीच लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी तोच चौथ्या राउंडला पडेल, त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या. खेळाडू दरवर्षी महाग व्हावा आणि कधी ना कधी सगळ्यांसाठी बाजारात परत यावा, म्हणून ही चढती भाजणी.

तीन वर्षांची अट का असते, त्याची आमच्याकडची कथा सांगते. आमची लीग लिलावाची आहे आणि सुरुवातीला वर्षांची मर्यादाच नव्हती. ठेवलेल्या खेळाडूचा भाव दरवर्षी पाच डॉलरने वाढायचा, बस्स. २०१२ च्या मार्चमध्ये आमच्यातल्या एकाने माइक ट्राउटला ३ डॉलरला घेतला. आम्ही हसलो, कारण त्याने हंगाम खालच्या लीगमध्ये सुरू केला. एप्रिलच्या शेवटी एंजल्सने त्याला वर बोलावलं आणि त्याने .३२६ ची सरासरी, ३० होम रन, ४९ स्टोलन बेस (पळून चोरलेले बेस) असा हंगाम काढून रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवोदित) मिळवलं. मग काय, पुढच्या वर्षी तो ८ डॉलरला, मग १३, मग १८. जगातला सगळ्यात चांगला खेळाडू आमच्या लीगमधल्या एका माणसाकडे मधल्या फळीतल्या पिचरच्या भावात. बाकीचे अकरा जण नुसते वैतागले होते. शेवटी मतदान घेऊन तीन वर्षांची मर्यादा आणली. अशा बहुतेक नियमांमागे एखादा ट्राउट असतो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. यांतल्या काही मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत आणि त्या कळल्याशिवाय ठाम उत्तर देणं चुकीचं होईल.

सगळ्यात आधी, रॉलीपुढचा ‘८’ हा आकडा ड्राफ्टचा आहे की कीपरचा? तुमच्या आधीच्या मालकाने त्याला २०२३ मध्ये बाराव्या राउंडला घेऊन एकदा दहाव्या आणि मग आठव्या अशा चढत्या भावाने आणलं असेल, तर त्याची काही वर्षं संपलेली आहेत. साइटवर नुसता राउंड दिसतो, इतिहास दिसत नाही. त्यासाठी कमिशनरची एक्सेल शीट मागा. प्रत्येक कीपर लीगमध्ये कोणाकडे तरी ती असतेच. तीन वर्षं कशी मोजतात हेही विचारा. पहिल्यांदा घेतलं ते वर्ष धरून तीन, की ठेवल्यापासून तीन? कर्ट्झला २०२५ मध्ये वेव्हरवरून उचललं. पहिल्या पद्धतीने तो २०२७ पर्यंत तुमचा, दुसऱ्या पद्धतीने २०२८ पर्यंत. एवढ्या चांगल्या खेळाडूचं एक अख्खं वर्ष ही क्षुल्लक गोष्ट नाही.

दुसरं, सोटोच्या पहिल्या राउंडच्या दोन राउंड आधी काय येतं? आणि स्कीन्सच्या दुसऱ्याच्या? गणिताने उणे एक आणि शून्य, पण असे राउंड नसतात. काही लीगमध्ये अशांना पहिल्या राउंडचा पिक द्यावा लागतो, काही ठिकाणी पहिल्या दोन राउंडमधले खेळाडू ठेवताच येत नाहीत. पहिली पद्धत असली तरी सोटो आणि स्कीन्स दोघांनाही पहिला राउंडच लागणार आणि तुमच्याकडे पहिला राउंड एकच. म्हणजे दोघांपैकी एकच ठेवता येईल. तुमच्या ‘नक्की’ असलेल्या तीन नावांतलं एक इथेच गळलं.

तसाच पेच बक्स्टन आणि कर्ट्झचा. बक्स्टन चौदाव्यावरून बाराव्याला येतो आणि कर्ट्झलाही बारावाच राउंड आहे. अशा वेळी बहुतेक लीगमध्ये एकाला एक राउंड वर सरकवतात, म्हणजे एक बाराव्याला आणि दुसरा अकराव्याला. काही ठिकाणी मात्र एका राउंडला एकच कीपर, दुसरा सोडा, असा कडक नियम असतो. हे आत्ताच विचारून घ्या. ड्राफ्टच्या रात्री विचारलंत तर उत्तर तुमच्या विरोधात जाण्याची शक्यता जास्त, कारण तोवर इतरांना त्यात आपला फायदा दिसू लागलेला असतो.

तिसरं, तुमच्या संघाचे सगळे पिक खरोखर तुमच्याकडे आहेत का? सोडून गेलेल्या माणसाचा संघ घेताना लोक हे तपासत नाहीत. कीपर लीगमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये ‘डंप’ नावाचा प्रकार चालतो. तळाला असलेला संघ आपले महागडे तारे वरच्या संघाला देतो आणि बदल्यात पुढच्या वर्षीसाठी स्वस्त कीपर किंवा पिक घेतो. वरचा उलट करतो; यंदा जिंकायचं म्हणून पुढच्या वर्षीचे पिक उधळतो. तुमच्या आधीच्या मालकाने दुसरा प्रकार केला असेल तर तुमचा सहावा राउंड दुसऱ्याच कोणाच्या खिशात असेल आणि मग रॉलीसाठी पाचवा द्यावा लागेल. आमच्या स्नेक लीगमध्ये एका नव्या माणसाला ड्राफ्टच्या दिवशी कळलं की त्याचा तिसरा आणि पाचवा राउंड आधीच विकलेला आहे. बिचारा कॅमेरा बंद करून बसला. त्यानंतर आम्ही नियम केला की पुढच्या हंगामाचा पिक विकायचा असेल तर पुढच्या हंगामाची फी आधी भरा. पळून जाणारे आपोआप कमी झाले.

आता खेळाडू एकेक करून घेऊ. वरच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्या बाजूने आली असं धरून.

कर्ट्झ. याच्यावर विचारसुद्धा करू नका, ठेवा. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकाला निवडलेला हा मुलगा २०२५ च्या एप्रिलमध्ये वर आला आणि ११७ सामन्यांत ३६ होम रन मारून अमेरिकन लीगचा रुकी ऑफ द इयर झाला. जुलैमध्ये एकाच सामन्यात चार होम रन मारले होते. वय २३. त्याचा संघ, म्हणजे अॅथलेटिक्स, सध्या सॅक्रामेंटोच्या लहान मैदानात खेळतो, तिथे चेंडू चांगला उडतो. कोऱ्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या दोन-तीन राउंडच्या पुढे जायचा नाही, तुम्हाला बाराव्याला मिळतोय. तुमच्या यादीत सगळ्यात मौल्यवान माणूस हाच, आणि तुम्ही त्याला ‘स्ट्रायडर की’ म्हणून शेवटी ढकललंय! नाव अजून जुनं झालेलं नाही, दुसरं काय.

रॉली. कॅचर असून २०२५ मध्ये ६० होम रन. यंदा साठ येतील असं मी धरत नाही; त्याच्या आदल्या वर्षी ३४ होते आणि माझा अंदाज या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. पण बाकीच्या कॅचरांकडून वीस होम रन मिळाले तरी आपण देव पाण्यातून काढतो, तिथे चाळीस म्हणजे खूप झाले. बाजारात तो दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला जाईल, तुम्हाला सहाव्याला. इथे एक बारकावा. दोन आणि सहा यांतलं अंतर चारच राउंडचं असलं तरी ते फार मोठं आहे, कारण वरचे राउंड उतरत्या कड्यासारखे असतात. अठरा आणि बावीसमध्येही चारच राउंड, पण तिथे सगळं सपाट माळरान. राउंडची नुसती वजाबाकी करून कीपर निवडणारे इथेच फसतात.

याच कारणाने कोलला सोडा. विसाव्या राउंडला गेरिट कोल हे ऐकायला फुकट वाटतं. मार्च २०२५ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि तो अख्खा हंगाम बाहेर होता. असे पिचर परत यायला साधारण वर्ष ते दीड वर्ष घेतात आणि आल्यावरही सुरुवातीचे महिने अडखळतात. त्याची खरी किंमत विसावा राउंड नाही. त्याची किंमत तुमच्या चार जागांतली एक जागा आहे. कीपरला नेहमी दोन किमती असतात, एक राउंडची आणि एक जागेची. जागा चारच असल्या की दुसरी किंमत पहिलीपेक्षा जड पडते. तुमच्या लीगमध्ये दहा कीपर असते तर मी म्हटलं असतं, कोल ठेवून द्या, काय बिघडतंय. चारमध्ये नाही.

स्ट्रायडर दुसऱ्या राउंडला? मुळीच नको. २०२३ मध्ये त्याने २८१ बळी टिपले, म्हणजे स्ट्राइकआउट हो, क्रिकेटची सवय जात नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २०२५ मध्ये परतलेला पिचर तो जुना स्ट्रायडर वाटला नाही. तुम्हाला तो आवडत असेल तर हरकत नाही, पण न ठेवलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये परत येतो हे विसरू नका. नवे लोक ‘सोडला म्हणजे गेला’ असं धरून चालतात. स्ट्रायडर ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडच्या कितीतरी खाली तुमची वाट बघत असेल, तेव्हा उचला.

बक्स्टनवर मतभेद होतील. २०२५ मध्ये ३५ होम रन आणि २४ स्टोलन बेस, तेही एकदाही न पकडला जाता. पण वय ३२ आणि दुखापतींचा इतिहास मोठा. त्याला मी पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी ठेवत नाही, फक्त यंदासाठी ठेवते, आणि अकराव्या-बाराव्या राउंडला यंदापुरता तो नक्कीच परवडतो. कर्ट्झची तीन वर्षं आणि बक्स्टनचं एक वर्ष एकाच तराजूत टाकू नका. तुम्ही पॉइंट्सच्या लीगमध्ये असता तर मी बक्स्टनबद्दल एवढी ठाम नसते. रोटोत चोरलेल्या बेसला स्वतःचा रकाना आहे, म्हणून. अर्थात त्या रकान्याचा भावही स्थिर नाही. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरच्या पिकऑफवर (धावकाला बाद करायला बेसकडे चेंडू फेकण्यावर) मर्यादा आली आणि सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. ज्यांनी २०२२ च्या शेवटी केवळ पळणारे खेळाडू सोनं समजून महागात ठेवले होते, त्यांचं सोनं एका हिवाळ्यात पितळ झालं. मीही त्यात होते.

राहिला चौथा: सोटो की स्कीन्स. (स्कीन्स ठेवताच येत नसेल तर प्रश्न मिटला.) स्कीन्सने २०२४ मध्ये रुकी ऑफ द इयर आणि २०२५ मध्ये साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) घेतलं, दोन्ही वर्षी ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) दोनच्या खाली. सोटोने मेट्सकडून पहिल्याच वर्षी ४३ होम रन आणि ३८ स्टोलन बेस दिले. दोघांचीही किंमत तुमचा पहिला पिक. माझा कल सोटोकडे, त्याचं कारण साधं आहे: पिचरचा हात. वरच्या यादीतच बघा, तीन पिचर आहेत आणि त्यातल्या दोघांच्या कोपरावर सुरी फिरलेली आहे.

पण सोटोला तरी ठेवायचा का? इथे तुमचा पिक कितवा आहे ते महत्त्वाचं. पहिल्या राउंडचा खेळाडू पहिल्याच राउंडला, मग फायदा कुठे आला, असं वाटेल. मात्र बारा संघांचे चार-चार मिळून ४८ जण ड्राफ्टआधीच गेलेले असतात. समजा नेहमीच्या यादीतल्या पहिल्या ३० नावांपैकी १६ ठेवले गेले. उरले १४. आता तुमचा बारावा पिक असेल तर तुम्हाला मिळणारा माणूस खऱ्या यादीतला पंचविसावा-सव्विसावा असेल. सोटो पहिल्या पाच-सातांतला. म्हणजे ‘पहिल्या राउंडला पहिल्या राउंडचा खेळाडू’ या सौद्यात तुम्ही जवळजवळ वीस नावं वर चढलात. तुमचा पिक पहिला किंवा दुसरा असेल तर मात्र थांबा. जज, ओहतानी, विट यांच्यापैकी कोणाच्या मालकाने त्यांना मोकळं सोडलंय का ते बघा. सोडलं असेल तर सोटो ड्राफ्टमध्ये परत टाकून त्यांच्यापैकी एकाला घेणं शहाणपणाचं. काही लीगमध्ये कीपरच्या याद्या सगळ्यांच्या एकदम उघडतात, तेव्हा हे आधी कळत नाही. मग अंदाज बांधायचा, आणि तसा अंदाज बांधायची वेळ आली तर मी सोटो ठेवते.

याच गोष्टीला लिलावाच्या लीगमध्ये इन्फ्लेशन म्हणतात आणि तिथे ती नीट मोजता येते. या सगळ्या खेळाची सुरुवात लिलावानेच झाली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी मॅनहॅटनमधल्या ‘ला रोतिसेरी फ्राँसेज’ या रेस्टॉरंटच्या नावावरून आपल्या लीगला नाव दिलं, आपण म्हणतो ते ‘रोटो’ तिथून आलं. आज रूढ झालेला हिशेब म्हणजे २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू. बारा संघांचे मिळून ३,१२० डॉलर. समजा ठेवलेल्या सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून ७२० डॉलर आहेत, पण त्यांची खरी किंमत १,०८० आहे. मग खोलीत उरलेले पैसे २,४०० आणि विकायला उरलेला माल २,०४० चा. पैसा जास्त, माल कमी, म्हणून भाव साधारण अठरा टक्क्यांनी चढणार. कागदावर ३० डॉलरचा दिसणारा खेळाडू ३५ ला गेला तर तो महाग गेला नाही, बरोबर गेला. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी मासिकातला भाव धरून बसतो, सगळ्यांना ‘वेडे आहेत’ म्हणतो आणि शेवटी खिशात ४० डॉलर शिल्लक ठेवून घरी जातो. तुमच्याकडे डॉलर नाहीत, पण परिणाम तोच: वरच्या पिकांना तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी माल मिळतो, म्हणून महाग दिसणारे कीपर वाटतात तितके महाग नसतात.

यादी कधी द्यायची? अंतिम मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्याआधी अजिबात नाही. स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये पिचरांचे खांदे आणि कोपर दुखायला लागतात, आणि यंदा मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांतली स्पर्धाही आहे. २०२३ च्या क्लासिकमध्ये एडविन डियाझने सामना जिंकल्यावर उड्या मारताना गुडघा फाडून घेतला आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. आमच्या लीगमध्ये एकीने त्याच्या आदल्या आठवड्यातच ‘एकदाचं काम उरकू’ म्हणून त्याचं नाव देऊन टाकलं होतं. तिने बदल मागितला, मी नाही म्हटलं, आणि पुढचे दोन महिने आमच्या पॉटलकला ती आली नाही.

अजून एक गोष्ट कमिशनरच्या कानावर घाला, तुमच्या फायद्याची म्हणून नव्हे, सगळ्यांच्याच. मेजर लीगचा मालक आणि खेळाडू यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी करार संपला तेव्हा डिसेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत टाळेबंदी होती. २०२७ चा हंगाम अर्धवट झाला तर ते कीपरचं एक वर्ष धरायचं की नाही? २०२० मध्ये ६० सामन्यांचा हंगाम झाला तेव्हा आमच्याकडे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी हंगाम संपल्यावर ‘वर्ष धरलं जाईल’ असं जाहीर केलं. निर्णय योग्य होता असं मला आजही वाटतं, पण वेळ चुकीची होती. ज्यांचे चांगले कीपर त्यामुळे एक वर्ष आधी सुटले, ते म्हणाले की हिने स्वतःच्या संघाकडे बघून ठरवलं. खरं सांगायचं तर माझाही एक खेळाडू त्यात गेला होता, पण ते कोण ऐकतो. आता आमच्या नियमांत एक ओळ आहे: ८१ पेक्षा कमी सामने झाले तर वर्ष धरायचं नाही. आकडा कोणताही चालेल, तो आधी लिहिलेला हवा. तसंच ओहतानीचं. याहूवर तो बॅटर आणि पिचर असे दोन वेगळे खेळाडू आहेत, काही साइटवर एकच. तुमची लीग मधेच साइट बदलणार असेल तर तो एक कीपर धरायचा की दोन, यावर तुमच्याकडे महाभारत होईल.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर कर्ट्झ, रॉली, बक्स्टन पक्के. पहिला पिक दोनच्या पुढे असेल तर सोटो. स्कीन्सला नुसतं सोडून देऊ नका. तुमच्या लीगमध्ये ड्राफ्टआधी ट्रेड चालत असतील तर ज्याच्याकडे धड कीपर नाहीत आणि ज्याचा पहिला राउंड मोकळा आहे असा संघ शोधा. त्याला स्कीन्स द्या आणि त्याच्याकडून चौथ्या-पाचव्या राउंडचा जास्तीचा पिक मागा. पाचव्यासाठीच तयार झाला तरी घ्या, कारण तुम्ही जे देताय ते तुम्हाला एरवी फेकूनच द्यायचं आहे. मात्र हे त्याला सांगू नका. आणि कोणाशीही बोलणी सुरू करण्याआधी कमिशनरकडून ती एक्सेल शीट मागवून घ्या. रॉलीपुढे २०२३ दिसलं आणि तुमच्याकडे घेतलं ते वर्ष धरून तीन मोजत असतील, तर त्याची वर्षं संपलेली असतील आणि हे सगळं उत्तर पुन्हा मांडावं लागेल.